जमीन नाही, पण कलम बांधायचंय

"सर, मी नाशिकला सिडकोत राहते. यंदा बारावी सायन्स झाले, बायोलॉजी घेऊन, ६१ टक्के. बाबा अंबडला कंपनीत आहेत, आई घरी ब्लाउज शिवते. आमची कुठेही जमीन नाही. पण गच्चीवर माझ्या ऐंशीच्या वर कुंड्या आहेत आणि बिल्डिंगमधली सगळी सुकत आलेली झाडं माझ्याकडे येतात. मला उद्यानविद्या शिकायची आहे. सीईटी दिली नव्हती, त्यामुळे चार वर्षांची पदवी यंदा हुकली. एका कॉलेजात उद्यानविद्येचा तीन वर्षांचा बी.व्होक. (व्यावसायिक पदवी) आहे, तिथे हाताने काम करून शिकवतात म्हणे. बाबा म्हणतात, ज्याला बांध नाही त्याने शेती शिकून काय करायचं? आत्या म्हणते, शिकूनसवरून माळीण होणार का? मैत्रिणीची बहीण असाच कोर्स करून आली, ती म्हणते वर्षभर नुसत्या फायली लिहिल्या. मी काय करू? माझं नाव छापू नका."

नाव छापत नाही.

आत्यांचं आधी उरकू. हो, माळीण होणार. मोगलांच्या काळात ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, त्या गावात बसून 'माळीण' हा शब्द नाक मुरडून वापरायचा म्हणजे कमाल आहे. आत्यांच्या देवघरात रोज सकाळी फुलं येतात ती कुणाच्या हातची, एवढं त्यांना एकदा विचार. भांडू नकोस, नुसतं विचार.

बाबांचा प्रश्न मात्र खरा आहे. तो तुच्छतेतून आलेला नाही, काळजीतून आलाय. त्यांना सांग की एकदा ऑक्टोबरात सुट्टीच्या दिवशी दिंडोरीकडे किंवा पिंपळगावकडे चक्कर मारू. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू असते. बागेत शिरल्यावर बघा, कात्री कुणाच्या हातात आहे. मालकाच्या हातात क्वचितच. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून आलेल्या टोळ्या असतात. छाटणी तेच करतात, काडीवरच्या डोळ्यांना (जिथून कोंब फुटतो) पेस्ट तेच लावतात, पुढे डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं), सगळं तेच. त्यांतल्या बहुतेकांकडे द्राक्षाचा एक वेलही नाही. म्हणजे नाशिकची द्राक्षं आजही मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याच्या बागेत राबणाऱ्या हातांनीच उभी आहेत. जमीन असलेल्याला अर्धवट ज्ञान परवडतं, कारण चुकलं तरी बाग त्याचीच असते. ज्याला जमीन नाही त्याला दुसऱ्याच्या बागेत उभं राहून बरोबरच सांगावं लागतं. एकदा चुकलं की पुढच्या हंगामात फोन येत नाही. म्हणून मी बाबांच्या नेमकं उलट म्हणतो: बांध नसलेल्यानेच हे नीट शिकावं, आणि हाताने शिकावं.

आता बाबा विचारतील की मग टोळीत जाऊन शिक, कॉलेज कशाला? बरोबर विचारतील. टोळीला छाटायचं कसं ते येतं, त्या वेलीला यंदा किती डोळ्यांवर छाटायचं हे बहुतेक वेळा मालक किंवा त्याचा सल्लागार सांगतो. मालकाला पानदेठ परीक्षणाचा (पानाच्या देठावरून वेलीचं पोषण तपासल्याचा) कागद येतो, तो वाचता येत नाही. निर्यातदाराला स्प्रे रजिस्टर हवं असतं, ते कुणी नीट लिहीत नाही. या सगळ्यांच्या मधोमध एक जागा रिकामी असते. ज्याला चाकूही धरता येतो आणि कागदही वाचता येतो, अशा माणसाची. तुला ती जागा धरायची आहे. पॅकहाऊसमध्ये, निर्यातदाराचा फील्डचा माणूस म्हणून, जानोरी-मोहाडीकडच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसात, रोपवाटिकेत, सोसायट्यांच्या बागा सांभाळणाऱ्याकडे, कुठेही. पुढे दोन-चार गुंठे भाड्याने घेऊन स्वतःची रोपवाटिकाही टाकता येते. फळझाडांची कलमं विकायची तर १९६९ च्या रोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो, तेवढं लक्षात ठेव. रस्त्याकडेला बिनपरवाना 'केशर' म्हणून काहीही विकणारे बघितले असतील, त्यांच्यात जायचं नाही.

फायलींबद्दल जे ऐकलंस ते खोटं नाही. आणि ते मी सांगतो तेव्हा त्याला वजन आहे, कारण मी स्वतः फायलींचा सर होतो.

एकवीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांना उद्यानविद्या शिकवली. सुरुवातीला फळ्यावर भेट कलम, पाचर कलम, गुटी कलम, डोळा भरणे, चार रंगांच्या खडूंनी. मुलं आकृत्या हुबेहूब काढायची, नावं द्यायची, पैकीच्या पैकी मार्क. पुढे एका ऑगस्टमध्ये ओळखीच्या बागायतदाराने बागेतली एक ओळ आमच्यासाठी सोडली. डॉगरीज जातीचे खुंट (ज्यांवर द्राक्षाची काडी बांधायची ती मुळाकडची रोपं) तयार होते, म्हणाला, सर, बांधा तुमच्या पोरांकडून शंभर. बांधली. मी चिखलात उभा राहून सूचना देत होतो, पुस्तकातल्याच. तीन आठवड्यांनी मोजली. अकरा फुटली होती.

त्याच बागेत कामाला असलेली पेठकडची एक बाई आमचा सगळा प्रकार पहिल्या दिवसापासून बघत होती. वाळलेली एक काडी तिने सोडवली, पाचर माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "सर, चाकूनं चावलंय, कापलं नाही." बघितलं तर खरंच. पाचरीचा काप सरळ नव्हता, करवतीने कापल्यासारखा खरबरीत होता. खुंटाच्या चिरेत ती बसली होती, पण अंगाला अंग लागलं नव्हतं. कलम जगतं ते साल आणि लाकूड यांच्यामधल्या पातळ हिरव्या थरावर. काडीचा तो थर खुंटाच्या थराला भिडला पाहिजे. काडी बारीक असेल तर दोन्हीकडे भिडणार नाही, मग निदान एका बाजूला तरी भिडवायची, मध्यावर ठेवायची नाही. हे मला तोंडपाठ होतं. पण बोथट चाकूने चार वेळा खरवडून केलेल्या पाचरीला तो थर कुठे भिडणार? शिवाय आम्ही काड्या छिलून ओळीत मांडून ठेवल्या होत्या, मग एकेक बसवत होतो. तोवर काप वाळलेले. तिने तिथल्या तिथे दहा बांधून दाखवली. दोन झटक्यांत पाचर, लगेच चिरेत, लगेच पट्टी, वरपासून खालपर्यंत हवा न जाईल अशी. माझ्या पोरांनी बघितलं, मीही बघितलं. त्या दहांतली नऊ फुटली.

दुसऱ्या वर्षी मी फळा सोडला असं नाही, पण पहिले पंधरा दिवस मुलांना फक्त चाकूला धार लावायला आणि तुतीच्या काड्या छिलायला लावल्या. पालकांच्या तक्रारी आल्या. येऊ देत म्हटलं.

तर तुझा खरा प्रश्न 'हा कोर्स घेऊ का' असा नाही. त्या कॉलेजात चाकू कुणाच्या हातात असतो, हे आधी शोधून काढ. माहितीपत्रकावर पॉलिहाऊसचा फोटो सगळ्यांच्याच असतो. तू कामाच्या दिवशी, मंगळवार-बुधवार बघून, न सांगता जा. सोबत बाबांना ने, कंपनीतला माणूस मशीन चालू आहे की शोभेला आहे हे लांबून ओळखतो. पॉलिहाऊसचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर एवढं बिघडत नाही, ते सगळ्यांचंच फाटतं. आत काय आहे ते बघ. आत मोडके बाक रचून ठेवले असतील तर चहा पिऊन परत या. मिस्ट चेंबरच्या (रोपांवर धुक्यासारखा फवारा देणाऱ्या खोलीच्या) नोझलमधून पाणी येतं का, ड्रिपचा फिल्टर शेवटचा कधी धुतला, रोपांना पाणी कोण घालतं? शिपाईच घालत असेल तर तिथे शिकतोय तो शिपाई. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी बोल, आणि बोलताना त्यांचे हात बघ. नखात माती आणि अंगठ्यावर चाकूचा एखादा जुना वण असेल तर समज बरं चाललंय.

मग सरांना किंवा मॅडमना एकच विचार: मागच्या वर्षी मुलांनी किती कलमं बांधली आणि किती जगली? जो शिक्षक आकडा सांगेल, अगदी वाईट आकडा सांगेल, त्याच्याकडे शिक. जो 'आमच्याकडे भरपूर प्रॅक्टिकल असतं' म्हणेल, त्याच्याकडे फायलीच असणार. कॉलेजची रोपवाटिका बाहेरच्यांना रोपं विकते का, तेही विचार. विकत असेल तर उत्तम. गिऱ्हाईक मेलेलं रोप परत घेऊन येतं, परीक्षक येत नाही.

आणखी एक, जे बहुतेक कोणी विचारत नाही. कॉलेजचं वेळापत्रक आणि बागेचं वेळापत्रक यांचं वाकडं आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नवीन काड्यांसाठीची छाटणी, होते. त्यानंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, नवीन काडीवरच्या डोळ्याच्या आत, पुढच्या हंगामाचा घड तयार व्हायचा की नाही हे ठरत असतं. त्या दिवसांत ऊन, पाणी, नत्र, शेंडा मारणं, सबकेन (शेंडा मारल्यावर बाजूला फुटणारी काडी) करणं यांत चुकलं तर ऑक्टोबरात कितीही चांगली छाटणी करा, डोळा फुटून नुसती पानं येतात. म्हणजे द्राक्षातला सगळ्यात महत्त्वाचा पाठ मे महिन्यात असतो, आणि मे महिन्यात मुलं मामाच्या गावाला. गोडी छाटणी दसरा-दिवाळीच्या आसपास, तेव्हा दिवाळीची सुट्टी. विरळणी आणि डिपिंग पुढे थंडीच्या तोंडाला, तेव्हा सत्र परीक्षा. असं करत करत तीन वर्षांत एकही हंगाम पुरा न बघता मुलं पास होऊन बाहेर पडतात. तेव्हा प्रवेश घेण्याआधी विचार, उन्हाळ्यात मुलांना बागेत पाठवता का? नाही म्हणाले तरी कोर्स बाद करू नकोस, पण मग ते मे महिने तुझे तू भरून काढायचे. कुठल्याही बागायतदाराकडे जा, फुकट काम करते म्हण. पहिल्या दिवशी हसतील, तिसऱ्या दिवशी कात्री देतील.

बी.व्होक. की चार वर्षांची पदवी, हे आता सांगतो, आणि इथे मात्र स्वप्न बाजूला ठेवून ऐक. बी.व्होक. युजीसीने २०१४ मध्ये आणलं. मूळ आराखड्यात वर्षाचे ६० श्रेयांक, त्यांतले ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य विषयांचे. एक वर्ष करून थांबलं तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी, असं त्यात होतं. म्हणजे कागदावर अर्ध्याहून जास्त शिक्षण हाताचं आहे. हा आराखडा मला आवडतो. पण बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या भरतीत चार वर्षांची पदवी मागतात. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा हा बऱ्याच घरांतला दुसरा हट्ट, तिथेही कृषी विद्यापीठाच्या पदवीधरांचीच गर्दी. बाबांच्या मनात 'सरकारी' असेल (असणारच, मी बाप आहे, मला ठाऊक आहे), तर तीन वर्षांनी त्यांची निराशा होईल. ती आजच होऊ दे किंवा आजच टळू दे.

मला सुचतं ते असं. यंदाचं वर्ष घरी बसून घालवू नकोस. कॉलेज वर सांगितलेल्या तपासणीत पास झालं तर बी.व्होक.च्या पहिल्या वर्षाला बस. हात चालू ठेव आणि सोबत पुढच्या सीईटीचा अभ्यास कर. बायोलॉजी आहेच तुझं. पुढच्या वर्षी राहुरी कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतलं उद्यानविद्येचं कॉलेज मिळालं तर त्या वर्षाचा कागद खिशात घालून तिकडे जा. त्या पदवीच्या शेवटच्या वर्षात मुलांना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. 'उद्यानकन्या' म्हणून पेपरात फोटो येतात ना, त्या याच. फोटो काढून परत येणाऱ्याही असतात, पण ज्यांचे हात आधी तयार असतात त्यांना त्या महिन्यांत फार मिळतं. आणि सीईटीत नाही जमलं, किंवा वर्षभरात तुला कळलं की सरकारी नोकरी हे आपलं काम नाही, तर बी.व्होक. पुरं कर. तेव्हा ते नाइलाजाने घेतलेलं नसेल.

बी.व्होक.वाल्या कॉलेजला एक गोष्ट लेखी विचारून ठेव. केंद्र सरकारची २००२ पासूनची अ‍ॅग्री क्लिनिकची योजना आहे. कृषी आणि संलग्न विषयांतल्या पदवी-पदविकावाल्यांना त्यात ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं आणि स्वतःचा धंदा काढायला घेतलेल्या कर्जावर नाबार्डमार्फत अनुदान मिळतं, महिलांना प्रकल्पखर्चाच्या ४४ टक्के. रोपवाटिका त्यात बसते. तुमची पदवी त्यासाठी ग्राह्य धरतात का, हे प्रवेशाआधी विचारायचं, तीन वर्षांनी नाही.

कुठलंही कॉलेज मिळालं तरी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मुक्त विद्यापीठ आहे, त्यांचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे छोटी प्रशिक्षणं होतात. पिंपळगाव बसवंतला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पोरांना हे सगळं बसच्या तिकिटाच्या अंतरावर असतं आणि ती यूट्यूबवर इस्राईल बघत बसतात.

फायलींना मी शिव्या घातल्या खऱ्या, पण एक फाइल मात्र मनापासून लिहायला शिक. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागेत त्याला सीसीसी म्हणतात, शेंड्याची वाढ रोखायला वापरायचे. कंटेनर अडकले, भाव कोसळले, कित्येक घरांचं वर्ष गेलं. कोणी कधी काय फवारलं, काढणीला किती दिवस राहिले होते, हे ज्या वहीत असतं तिला तेव्हापासून नाशकात किंमत आली. ती वही फवारणीच्या दिवशी बांधावर उभं राहून लिहायची असते. परीक्षेच्या आदल्या रात्री एकीची बघून पाचजणींनी लिहायची ती फाइल वेगळी. मैत्रिणीच्या बहिणीने बहुधा ती दुसरी लिहिली.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीचा पगार कमी असतो, शहरातल्या कॉल सेंटरपेक्षाही कमी असू शकतो, आणि उन्हात असतो. दोन-तीन हंगाम काढल्यावर बदलतो. घरी हे आधीच सांगून ठेव.

मुलगी म्हणून दोन गोष्टी. कॉलेजच्या शेतावर संडासाची सोय आहे का ते पाहणीच्या दिवशीच बघ, संकोच करू नकोस. आणि छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते काम हातमोजे आणि मास्कशिवाय करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं. ते जहाल आहे. ते हाताळल्यावर दारू पोटात गेली तर माणूस थेट दवाखान्यात जातो, हे बागेतल्या मुकादमांनाही माहीत असतं. तरी बायकांना उघड्या हाताने, चिंधीने लावायला लावतात. तू शिकलेली म्हणून तुला मोजे आणि शेजारच्या बाईला नाही, असं दिसलं तर तेही बोल.

आता गृहपाठ. पाऊस सुरू झालाय, गुटी बांधायचे हेच दिवस. तुझ्या गच्चीवर डाळिंब, लिंबू, जास्वंद यांतलं काहीतरी असणारच, नसेल तर खालच्या कुणाच्या पेरूला विचारून हात लाव. पेन्सिलीच्या जाडीची, तपकिरी झालेली फांदी घे. इंचभर रुंदीची साल गोल काढ, खालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने पुसून टाक. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळ्या फुटत नाहीत. भिजवून पिळलेलं मॉस मुठीएवढं त्यावर बसव, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट. अशा दहा बांध. प्रत्येकीला चिठ्ठी लाव, तारीख टाक. चाकू घरातला भाजीचा नको, कलमाचा घे आणि आधी धार लाव. साधारण दीड-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसायला लागतील, काहींना दिसणार नाहीत.

सप्टेंबरात मला कळव, दहांतल्या किती जगल्या. न जगलेल्या सोडवून, खालची साल कशी दिसते तेही लिही.